रविवारचे टोले

रविवारी सकाळी नऊ वाजता आजोबांनी रूळ वाजवला आणि दोनशे माणसं ताटल्या घेऊन प्रार्थनामंदिरात येऊन बसली. आमच्या घरात भांडण कशावरूनही निघो, मिठावरून किंवा कुणाच्या लग्नावरून, अर्ध्या तासात ते त्या रविवारावर येतंच. माझ्या जन्माला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. पण इतक्या जणांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की तू कुठं होतीस तिथं, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला आठ वर्षं झाली होती. पोळा झाला आणि पाचव्या दिवशी, सोमवारी, गंगेला म्हणजे गोदावरीला पूर आला. गंगाटाकळी अर्धी पाण्यात गेली. कोरडं राहिलं ते एकच ठिकाण, आमचं मुरमाचं टेकाड. तिथं कुसळसुद्धा धड उगवत नाही, म्हणूनच काकासाहेब पाटलांच्या वडिलांनी ते मिशनला देऊन टाकलं होतं. टेकाडावर प्रार्थनामंदिर, एका खोलीची शाळा, आमचं घर, आणि लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तीच आमची घंटा. आजोबांना सगळे सांडू मास्तर म्हणत, म्हणजे आमची माणसं म्हणत. ते तीस वर्षं दर रविवारी नवाला त्या रुळावर हातोड्यानं बारा टोले मारत आले होते. उपासनेला अकरा जण जमायचे. आमच्या घरचे चार, दोन घरांतले सात. तीस वर्षांत अकराचे बारा झाले नाहीत.

मंगळवारी काकासाहेब आयुष्यात पहिल्यांदा आजोबांना "मास्तर" म्हणाले. त्याआधी नुसतं "सांडू" होतं. गावची निम्मी जमीन त्यांची आणि आता सगळीवर पाणी, त्यामुळे माणूस नरमला होता. बोलणं झालं त्यात असं ठरलं, की मिशननं औरंगाबादहून आणलेलं धान्य द्यायचं आणि शिजवायचं गावच्या बायांनी. आमच्या हातचं शिजलेलं त्यांना चालणार नव्हतं, पण ते कुणी तोंडानं बोललं नाही. काकासाहेबांची आई साळूबाई एवढंच म्हणाली, "चुलीचं आमच्याकडं राहू द्या. तुमच्या बायांना किती तसदी द्यायची."

माझी आजी, दगडाबाई, यावर म्हणाली, "व्हय, लई तसदी झाली असती आम्हाला." आणि घरात येऊन हसली.

खिचडी शिजली, की अकरा वाजता आजोबांनी रूळ वाजवायचा आणि लोकांनी ताटल्या घेऊन यायचं. बुधवारी पहिली पंगत शाळेत बसली, पण छप्पर गळत होतं, म्हणून गुरुवारपासून पंगत प्रार्थनामंदिरातच बसू लागली. बाकडी आमच्याकडं नव्हतीच, चटया होत्या. चार दिवसांत गावाला सवय झाली. रूळ वाजला, की ताटली उचलायची आणि आत जाऊन बसायचं.

आणि पाचवा दिवस रविवार होता.

पप्पांचं म्हणणं, ते पांढरा झगा घालून बायबल घेऊन दारात आले आणि थबकले. पप्पा तिथले पाळक होते, शांतवनसाहेब. आत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, पंगतीत समोरासमोर बसलेली, प्रत्येकापुढं ताटली नाहीतर डालड्याचा डबा. आपली माणसं भिंतीला चिकटून उभी. आणि पुढं आजोबा, फेटा नीट बांधलेला, डोळे भरलेले.

"बाबा, हे जेवायला आलेत," पप्पा हळूच म्हणाले.

"आलेत ना," आजोबा म्हणाले. "कर सुरू."

पप्पांनी सुरू केलं. आपण उपदेश पाच मिनिटांत आटोपला असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. आई म्हणायची, चाळीस मिनिटं. एक मात्र दोघंही कबूल करायचे, की पप्पा इतकं चांगलं त्याआधी कधी बोलले नव्हते. अकरा माणसांपुढं आवाज लावायचा म्हणजे आपलाच आपल्याला जड होतो. दोनशे जणांपुढं तो आपोआप लागला. लोक बिचारे गप्प बसून होते. जेवणाआधी साहेबाचं काहीतरी असेल आज, म्हणून. मागून एक पोर तेवढं दर थोड्या वेळानं डबा वाजवायचं आणि त्याची आई त्याचा हात धरायची.

आई तेव्हा शाळेच्या खोलीत सुया उकळत होती. माझी आई, सुवार्ता, औरंगाबादच्या मिशन दवाखान्यातली नर्स. नदीच्या खालच्या अंगाच्या दोन गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, लागली होती. बुधवारी तिनं टेकाडावरच्या सगळ्यांना पटकीची पहिली सुई टोचली होती, दुसरी पुढच्या बुधवारी टोचायची होती. तोवर कुणी खाली उतरू नये, एवढाच तिचा एक धोशा होता. गावच्या विहिरीत मेलेली जनावरं होती. पाणी उपसून लाल दवा टाकल्याशिवाय ते कुणी प्यायला, की संपलं. भजनाचा आवाज ऐकून ती बाहेर आली, तर चुलीपाशी साळूबाई पदर खोचून एकटीच उभी.

"डाळ आत्ता कुठं टाकली," साळूबाई म्हणाली. "मास्तरांनी रूळ कामून वाजवला? माणसं तर आतून बाहेर येईनात."

आईनं प्रार्थनामंदिराच्या खिडकीतून पाहिलं आणि तिला काय झालंय ते कळलं.

"आज आमचा रविवार आहे, साळूबाई."

"मंग?"

साळूबाईनं डाळीखालचं लाकूड मागं ओढलं आणि खाली बसली. "सांगून तरी बोलवायचं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि आईला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुपारी आजीनं भाकरी वाढल्या, त्या तशाच पडल्या. मग आजोबांनी खिशातून कागद काढला.

"शांतवन, हे जरा स्वच्छ अक्षरात लिही. उद्या गाडी बिडकीनला जाणार हाय, तिथून औरंगाबादला जाईल."

जूनमध्ये मिशनच्या कचेरीतून पत्र आलं होतं. तीन वर्षं ज्या ठिकाणी उपासनेला पंचवीससुद्धा माणसं होत नाहीत, ती ठिकाणं नाताळानंतर बंद. पप्पांची बदली औरंगाबादला, घर मिळणार होतं. आईला जायचं होतं, तिनं ते कधी लपवलं नाही. आजोबांना इथंच मरायचं होतं, त्यांनीही लपवलं नाही. कागदावर लिहिलं होतं, "रविवारी उपासनेस हजर दोनशे सहा."

"तुम्ही मोजलं?" आईनं विचारलं.

"प्रार्थना चालली होती तवा."

"डोळे उघडे ठेवून?"

आजोबांनी कागदाची घडी घातली. पप्पा म्हणाले, "आकडा खोटा तर नाही ना, सुवार्ता. बसले होते ते."

"खिचडीसाठी बसले होते. आणि तुम्हाला दारातच कळलं होतं, अहो. तुम्ही स्वतः मला सांगितलंत."

"मग काय हाकलून लावायचं होतं? भरपावसात?"

"रूळ चुकून वाजला, जेवण अकराला आहे, एवढं सांगायचं होतं. त्याला चाळीस मिनिटं लागत नाहीत."

"पाच," पप्पा म्हणाले.

आजी एरवी या भांडणात मुलाच्या बाजूनं असायची. सुनेला औरंगाबादची हवा लागलीय, असं ती चारचौघांत म्हणायची. त्या दिवशी तिनं आजोबांच्या पुढ्यातलं ताट सरळ उचललं. "ती काय खोटं बोलती?" ती म्हणाली. "चाळीस मिन्टं. मह्या पायाला मुंग्या आल्त्या."

सोमवारी सकाळी काकासाहेब आले. घरात आले नाहीत, अंगणात उभे राहिले, आणि हाक मारली ती "सांडू" अशी. पप्पांना ते ऐकूनच सगळं समजलं.

"आम्ही खाली चाललो," काकासाहेब म्हणाले. "पाणी ओसरलंय. महं घर उंचावर हाय, तिथं चूल मांडतो. धान्य ठेवा तुमचं तुम्हाला."

"काकासाहेब, परवा सुई आहे," आई म्हणाली. "दोनच दिवस. विहिरीचं पाणी विष झालंय."

"बाई, तुमच्यावर आमचा राग नाय. तुम्ही लेकराबाळांना सुया टोचल्या, आम्ही काय बोललो? पर भुकेल्या माणसाला जेवायचा टोला देऊन देवाला बसवायचं, ही दगाबाजी झाली. उद्या तालुक्यात लोक म्हणतील, पाटील खिचडीवर बाटला. मह्या इज्जतीचं काय?"

"कुणी कुणाला बाटवलं नाही," पप्पा म्हणाले. "चूक झाली. घंटेची वेळ..."

"चूक झाली म्हंता, मंग तासभर का चालवली?"

आजोबा दारात उभे राहून ऐकत होते. काकासाहेब वळले आणि जाता जाता चार घरांना हाक देत गेले. बिऱ्हाडं बांधायला लागली.

आई तशीच सुगंधाबाईकडं धावली. सुगंधाबाई धनगराची. नवरा मुंजाबा मेंढरं घेऊन पलीकडच्या काठाला अडकलेला, आणि वर्षाचं लेकरू जुलाबानं पार वाळून गेलेलं. आजी त्याला दिवसातून सहा वेळा मिशनच्या भुकटीचं पातळ दूध चमच्यानं पाजत होती. आता कुठं ते मान धरायला लागलं होतं. सुगंधाबाई घोंगडी गुंडाळत होती.

"तू कुठं निघालीस? तुला जाता यायचं नाही. याला खाली नेलंस तर दोन दिवस काढायचं नाही हे."

"कळतंय बाई मला," सुगंधाबाई म्हणाली. "पर पाटील निघालं तर आम्हाला निघावंच लागतं. त्यांच्याच रानात आमची मेंढरं बसत्यात. इथं राहिलो तर उद्या मुंजाबानं मेंढरं कुठं बसवायची?"

तिनं लेकरू उचलून पाठीला बांधलं. मग पुन्हा सोडलं आणि मागोमाग आलेल्या आजीकडं दिलं. "तेवढं दूध पाजून द्या जाताना," ती म्हणाली.

आजी लेकरू घेऊन घरात आली. आजोबा खाटेवर बसले होते. पुढचं मला आजीनं सांगितलंय, आणि आजोबांनी कधी नाकारलं नाही.

"एक इच्चारू?" आजी म्हणाली. "पयला टोला सवयीनं पडला असंल. तीस वर्षांची सवय. बारावा कुणाचा हुता?"

चमचा वाटीला लागत होता तेवढाच आवाज.

"लई वर्षं झाली, दगडे," आजोबा म्हणाले. "एकदा तरी भरलेलं बघायचं हुतं."

"बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"मंग जा आता. हे पोरगं मरायला नको त्यापायी."

आजोबा उठले. डोक्याला फेटा नव्हता, तसेच लिंबाकडं गेले, फांदीच्या बेचक्यातला हातोडा काढला आणि चुलीपाशी गेले. पप्पा मागं निघाले. आईनं त्यांचा हात धरला. "त्यांना जाऊ द्या एकट्यांना," ती म्हणाली. पण शेवटी दोघंही गेले, आणि शाळेच्या कोपऱ्याशी उभे राहिले.

साळूबाई पातेली घासून पालथी घालत होती. काकासाहेब गाडीला बैल जुंपत होते. बरीच माणसं बोचकी घेऊन उभी होती. आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आवाज त्यांचा चांगला होता, तीस वर्षं अकरा जणांवर वाया गेलेला.

"काकासाहेब, मह्या पोराला तुम्ही इच्चारलं, ते मला इच्चारायला पायजे. पयला टोला हाताच्या सवयीनं पडला. तिसऱ्याला तुमची माणसं ताटल्या घेऊन उठलेली दिसली. चौथा मला थांबवता येत हुता. म्या थांबवला नाय. बाराच्या बारा वाजवले."

काकासाहेबांनी बैल सोडला. "कामून?"

"हे घर भरावं वाटलं. दुसरं काय." आजोबांनी खिशातला कागद काढला. काकासाहेब निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले, मराठी त्यांना अडखळत वाचता यायचं, म्हणून आजोबांनी स्वतःच वाचून दाखवलं. "रविवारी उपासनेस हजर दोनशे सहा. हे म्या वर कळवणार हुतो. धाडलं नाय अजून. आता धाडत नाय."

"नावं लिवली आमची?"

"नावं नाय. डोकी मोजली."

कुणीतरी मागं हसलं. काकासाहेब हसले नाहीत. "बेइमानी केली आन् आता सांगायला आलास," ते म्हणाले. "सांगितल्यानं काय फिटतं?"

"फिटत नाय. पर दोष महा हाय, सुईचा नाय. सुनबाईनं रूळ वाजवला नाय. बुधवारपातूर थांबा. मला इथं बघायचं नसंल तर मी बिडकीनला जाऊन बसतो."

मग ते साळूबाईकडं वळले आणि हातोडा तिच्यापुढं जमिनीवर ठेवला. त्या लोकांना काही द्यायचं तर असंच द्यायचं, जमिनीवर ठेवायचं आणि दोन पावलं मागं सरायचं. आजोबांचे हात तसेच शिकलेले होते, येशूच्या घरात येऊनही ते सुटलं नव्हतं.

"आजपासून रूळ तुमच्याकडं," ते म्हणाले. "जेवणाचे टोले तुम्ही द्या. आमच्या माणसांना उपासनेला बोलवायचं ते मी पायांनी जाऊन बोलवीन. तुम्ही इथं हाव तोवर हा रूळ आमच्यासाठी वाजायचा नाय."

साळूबाईनं हातोड्याकडं पाहिलं. मग लेकाकडं पाहिलं. मग ओले हात लुगड्याला पुसले.

"हातात द्या, मास्तर," ती म्हणाली. "कंबर धरलीय मही. वाकवत नाय."

तासभर पातेली घासत होती ती, वाकून. आई म्हणायची, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आजोबांनी हातोडा उचलला. दांड्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं साळूबाईच्या. ती वजन पाहत क्षणभर तशीच थांबली आणि मग तिनं तो काढून घेतला.

"बन्सी गड्याला सांग, गाडी सोड म्हणावं," ती लेकाला म्हणाली. "दुसरी सुई झाल्याबिगर मी खाली येत नाय. तुला इज्जत न्यायची तर घेऊन जा म्होरं."

काकासाहेब तरातरा चालत टेकाडाच्या कडेपर्यंत गेले. खाली चिखलानं भरलेलं गाव पसरलं होतं. अर्ध्या तासानं ते परत आले आणि आईसमोर बाही वर करून उभे राहिले. आई म्हणाली, "आज नाही, परवा." ते म्हणाले, "ठावं हाय. सांगून ठेवतो, मह्यापासून सुरू करा. मंग कुणी कुरकुर करायचं नाय."

बुधवारी एकशे अठ्ठ्याण्णव जणांना दुसरी सुई बसली. आठ जण आधीच खाली गेले होते. त्यातल्या दोघांचं काय झालं ते आईनं मला कधी धड सांगितलं नाही. एकदाच म्हणाली, "काकासाहेब रविवारी रागावले नसते तर ते दोघंही थांबले असते." ती हे सांगत असताना आजोबा तिथंच बसलेले होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, आणि त्यांनीही मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी आजोबा सकाळी आठलाच निघाले. आमची दोन घरं टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला होती. दोन्ही दारांत जाऊन त्यांनी सांगितलं, नऊ वाजता, मास्तराच्या स्वयंपाकघरात. विहीर अजून उपसून व्हायची होती, म्हणून प्रार्थनामंदिरात लोकांची बिऱ्हाडं होती. स्वयंपाकघरात अकरा माणसं मांडीला मांडी लावून बसली. चुलीवर भुकटीचं दूध होतं, त्यासाठी सुगंधाबाई उंबऱ्याबाहेर येऊन बसली, आणि तिचं लेकरू आजीच्या मांडीवर. पप्पा दहा मिनिटं बोलले. या दहा मिनिटांवर घरात वाद नाही.

अकराला रूळ वाजला. साळूबाईचे टोले एकसारखे पडत नसत. दोन लागोपाठ, मग दमली की थांबायची, मग एक. आजोबा ऐकत बसले. त्या आठवड्याआधी तीस वर्षांत त्यांनी तो रूळ दुसऱ्याच्या हातून ऐकला नव्हता.

मग पप्पांनी महिन्याचा अहवाल पुढं ओढला. अकराचा आकडा औरंगाबादला गेला, की नाताळानंतर हे टेकाड सुटणार, हे आता सगळ्यांना कळत होतं. पप्पांनी आईकडं पाहिलं. जूनपासून औरंगाबादचं नाव घेणाऱ्या माझ्या आईनं नुसतं दुधाचं पातेलं उतरवलं.

"काय लिहू, बाबा?"

"अकरा," आजोबा म्हणाले.

"बारा लिही," आजी म्हणाली. लेकरानं तिचं बोट तोंडात धरलं होतं. "हे हुतं की मह्या मांडीवर. सुरवातीपासून आमेनपातूर, रडलंसुदीक नाय. लिही बारा."

पप्पांचा टाक थांबला. तीस वर्षांत अकराचे बारा झाले नव्हते. आजोबा पुढं सरकले, लेकराच्या ओठांवरचं दूध त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"नको," ते म्हणाले. "ते दुधाला आलंय. त्याला मोजू नको."